जखमेमागचा प्रश्न : वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातला ‘दिलासा’ आणि त्यानंतर

नवऱ्याच्या माराने हात सुजलेली बाई पोलीस चौकीची पायरी चढली, की ती घरी परतायच्या आत बातमी चाळीत पोचलेली असते. वकील गाठायचा तर पैसे हवेत, संस्थेत जायचं तर तिचा पत्ता माहीत हवा आणि माहेरी जायचं तर दार उघडणारं माहेर हवं. महापालिकेच्या रुग्णालयात जायला यातलं काहीच लागत नाही. पोराला ताप आहे, पाळी लांबली आहे, कंबर धरली आहे, एवढं कारण सासूलाही पुरतं. मार खाणारी बाई वर्षातून कितीतरी वेळा डॉक्टरांसमोर येऊन बसते, औषध घेते आणि निघून जाते. तिला मार कोणी दिला हे विचारणं आपलं काम आहे, असं डॉक्टरांना बराच काळ वाटत नव्हतं. ते त्यांना वाटायला लागावं यासाठी मुंबईच्या उपनगरांत जे प्रयत्न झाले, त्यांची ही हकिगत आहे. तिची सुरुवात मात्र मुंबईपासून बरीच दूर, विदर्भात होते.

डॉक्टरांचा कागद

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नसावा. प्रतिकार नाही, म्हणजे संमती असावी, अशी त्या निकालाची मांडणी होती. तिला आधार होता वैद्यकीय अहवालाचा. अंगावर इजेच्या खुणा नाहीत आणि मुलीला शरीरसंबंधांची सवय आहे, अशी नोंद त्या अहवालात होती.

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं आणि देशभर खळबळ माजली. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. तोच पुढे स्त्री अत्याचारविरोधी मंच झाला. मोर्चे निघाले, सह्या गोळा झाल्या. १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला आणि त्याच वर्षी सासरच्या छळासाठी भारतीय दंड विधानात ४९८-अ हे कलम आलं. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्यातच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसावी, ही त्यामागची कल्पना होती.

चळवळीची नजर पोलिसांवर आणि न्यायालयांवर होती आणि ते साहजिक होतं, कारण अन्याय तिथे उघड दिसत होता. मथुरा खटल्यात निर्णायक ठरलेला कागद रुग्णालयात लिहिला गेला होता, याकडे तेव्हा फारसं कोणी वळलं नाही. कायद्यातलं कलम बदललं, पण डॉक्टर तपासणी कशी करतात आणि केसपेपरवर काय लिहितात ते पूर्वीसारखंच राहिलं.

कॅज्युअल्टीत रोजचा शिरस्ता ठरलेला होता. ‘मोरीत पाय घसरून पडली’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’, ‘औषध समजून फिनेल प्यायली’ असं बाई सांगायची किंवा तिच्यासोबत आलेला नवरा सांगायचा आणि तेच कागदावर उतरायचं. डॉक्टरला शंका यायची नाही असं नाही. पण मेडिको-लीगल केस, म्हणजे एमएलसी, केली की पोलिसांना कळवा, पुढे कोर्टाची तारीख आली की हजर राहा, हे सगळं मागे लागायचं. बाहेर रांग वाढत असायची. विष घेतलेल्या बाईच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. आत्महत्येचा प्रयत्न हा दंड विधानाच्या ३०९ कलमाखाली गुन्हा होता. ‘चुकून प्यायली’ असं लिहिलं की बाई गुन्ह्यातून सुटायची, डॉक्टर कटकटीतून सुटायचा आणि तिला त्या टोकाला नेणारा माणूसही सुटायचा. पोट धुऊन, दोन दिवस वॉर्डात ठेवून तिला पुन्हा त्याच घरी पाठवलं जायचं.

वस्ती उत्तरेला सरकली

हे चित्र बदलायला सुरुवात उपनगरात का झाली, हे समजण्यासाठी मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपरपर्यंतचा भाग आणि १९५७ मध्ये दहिसर, मुलुंडपर्यंतचा भाग महापालिकेच्या हद्दीत आला. १९९० मध्ये अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांचा स्वतंत्र मुंबई उपनगर जिल्हा झाला. २००१च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या जवळपास १ कोटी २० लाख लोकांपैकी ८६ लाखांहून अधिक लोक या उपनगर जिल्ह्यात राहत होते. दर चार मुंबईकरांपैकी तीनच्या आसपास माणसं वांद्र्याच्या आणि कुर्ल्याच्या पलीकडे गेली होती.

केईएम, नायर ही नावाजलेली अध्यापन रुग्णालयं मात्र शहरात राहिली आणि शीव रुग्णालय शहराच्या वेशीवर. उपनगरांचा भार वांद्र्याचं आणि कुर्ल्याचं भाभा, सांताक्रूझचं व्ही. एन. देसाई, विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी, मुलुंडचं अगरवाल, बोरिवलीचं भगवती अशा रुग्णालयांवर पडला. इथे मोठे प्राध्यापक नव्हते, पण झोपडपट्टीतली आणि चाळीतली बाई बाळंतपणाला, पोराच्या लशीला आणि स्वतःच्या ‘अंगदुखी’ला इथेच यायची. हिंसेला वैद्यकीय उत्तर शोधायचं तर ते इथेच शोधायला हवं होतं.

दरम्यान जगातही या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. १९९४चं कैरोचं लोकसंख्या संमेलन आणि १९९५चं बीजिंगचं महिला संमेलन यांत स्त्रियांवरच्या हिंसेचा संबंध आरोग्याशी जोडला गेला. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा ठराव केला. त्याच सुमारास निर्वासितांच्या छावण्यांत काम करणाऱ्या संस्थांनी आपत्तीच्या पहिल्या दिवसापासून द्यायच्या किमान प्रजनन-आरोग्य सेवांची यादी तयार केली. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीवरचे उपचार त्या यादीत होते. बाकी सगळं मोडून पडलं तरी तंबूतला दवाखाना चालू असतो, म्हणून मदतीची सुरुवात तिथूनच करायची, असा त्यामागचा विचार होता. मलेशियाने नव्वदीच्या दशकात सरकारी रुग्णालयांत एकछत्री संकट केंद्रं सुरू केली होती. तिथे बाईला डॉक्टर, समुपदेशक आणि पोलीस यांच्यासाठी तीन ठिकाणी भटकावं लागत नव्हतं.

भाभातली जागा

मुंबईत हे धागे एकत्र आणले ‘सेहत’ या संशोधन संस्थेने. वैद्यकीय नीतिमत्तेच्या चळवळीतले डॉ. अमर जेसानी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये अनुसंधान ट्रस्ट स्थापन केला आणि त्याचं संशोधन केंद्र म्हणून १९९४ मध्ये ‘सेहत’ सुरू झाली. सांताक्रूझच्या वाकोल्यात तिचं कार्यालय आहे. या मंडळींचा डॉक्टरी पेशाकडे पाहण्याचा दृष्टिकोन वेगळा होता. हिंसा पाहून गप्प बसणारा डॉक्टर तटस्थ राहत नाही, तो नकळत एका बाजूला उभा राहतो, ही त्यांची धारणा होती. महापालिकेच्या उपनगरीय रुग्णालयांच्या प्रशासनातल्या डॉ. सीमा मलिक यांनी ही कल्पना उचलून धरली. २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ यांच्या भागीदारीतून वांद्रे पश्चिमेच्या खुर्शेदजी बेहरामजी भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ सुरू झालं. सार्वजनिक रुग्णालयातलं अशा प्रकारचं हे देशातलं पहिलं केंद्र मानलं जातं.

त्या वेळी घेतलेला एक निर्णय पुढच्या सगळ्या वाटचालीला कारणीभूत ठरला. रुग्णालयाच्या आवारात स्वयंसेवी संस्थेचं टेबल मांडणं सोपं होतं. तशी टेबलं अनेक ठिकाणी लागतात आणि निधी संपला की उठतात. ‘दिलासा’च्या बाबतीत असं ठरलं, की तो रुग्णालयाचाच विभाग असेल. अस्थिरोग, स्त्रीरोग तसा हाही. जागा रुग्णालयाची, कर्मचारी रुग्णालयाचे, जबाबदारी महापालिकेची. समुपदेशनाचं कौशल्य आणि प्रशिक्षण ‘सेहत’ देणार. बाईच्या दृष्टीनेही याचा फायदा होता. एका विभागातून दुसऱ्या विभागात केसपेपर घेऊन जाणारी बाई ओपीडीच्या गर्दीत कोणाच्याही नजरेत भरत नाही.

विचारायला शिकणं

विभाग सुरू झाला, पण डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी बायकांना तिथे पाठवलं नसतं तर तो रिकामाच राहिला असता. ‘हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे’, ‘आम्हाला आधीच वेळ नाही’, ‘तिनेच काहीतरी केलं असेल’ ही उत्तरं ठरलेली होती. रुग्णालयातल्या बऱ्याच जणींच्या स्वतःच्या घरातही यापेक्षा वेगळं चित्र नव्हतं.

बाहेरच्या तज्ज्ञाने येऊन भाषण दिलं तर ते चहा-बिस्किटांबरोबर विसरलं जातं, हे ‘सेहत’ला माहीत होतं. म्हणून रुग्णालयातल्याच काही डॉक्टरांना, परिचारिकांना आणि सामाजिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षक म्हणून तयार केलं गेलं. पुढे निरनिराळ्या रुग्णालयांतल्या अशा प्रशिक्षकांचा कायमचा गट झाला. आपल्याच वॉर्डातली सिस्टर सांगते तेव्हा ‘तुम्हाला इथली गर्दी माहीत नाही’ असं कोणाला म्हणता येत नाही. प्रशिक्षण आयाबाई, वॉर्डबॉय यांच्यापर्यंत गेलं. रात्रपाळीला बाईचं रडणं पहिल्यांदा ऐकते ती बहुतेक वेळा आयाबाईच.

शिकवलं जायचं ते साधं होतं. कोणत्या खुणा दिसल्या की थांबायचं? एकाच बाईला पुन्हा पुन्हा होणाऱ्या जखमा, सांगितलेल्या अपघाताशी न जुळणारी इजा, वारंवार होणारा गर्भपात, तपासणीत काहीच न सापडणारी जुनी अंगदुखी, विष घेऊन आलेली बाई. मग नवऱ्याला बाहेर बसवायचं आणि एकटीला विचारायचं. कसं विचारायचं, तेही शिकवलं जायचं : घरी कोणी हात उचलतं का? ती ‘नाही’ म्हणाली तर जबरदस्ती करायची नाही, पण दिलासाचा पत्ता द्यायचा. ‘हो’ म्हणाली तर जखम कशी झाली, कोणी केली, कशाने केली हे तिच्या शब्दांत केसपेपरवर लिहायचं. हा कागद आज ना उद्या कोर्टात जाईल आणि तेव्हा तो तिच्या बाजूने बोलला पाहिजे, हे डॉक्टरांना पहिल्यांदाच कोणीतरी समजावून सांगत होतं.

दिलासाच्या समुपदेशकांचं कामही नेहमीच्या कौटुंबिक सल्ल्याहून निराळं होतं. दोघांना समोर बसवून ‘थोडं तू सोस, थोडं तो सुधारेल’ असा समझोता घडवणं हे इथलं ध्येय नव्हतं. मार खाणं ही तुझी चूक नाही, हे आधी तिच्या मनात ठसवायचं. मग तिच्या सुरक्षिततेचा विचार. पुन्हा मार बसला तर कोणाकडे पळायचं, रेशनकार्ड आणि मुलांचे दाखले कुठे ठेवायचे, कोणत्या शेजारणीला सांगून ठेवायचं. घरी जाणं त्या रात्री धोक्याचं असेल तर डॉक्टरांच्या निरीक्षणाखाली म्हणून तिला वॉर्डात ठेवून घेण्याची सोय होती. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद करून वाटेला लावलं तर समुपदेशक पाठपुरावा करायच्या. निवारा, वकील, पोलीस यांच्यापर्यंतची वाट दाखवायची, पण कोणत्या वाटेने जायचं ते बाईनेच ठरवायचं, हे पथ्य होतं.

कायद्याची जोड

२००५ मध्ये संसदेने कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. मारहाणीबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही हिंसा ठरला आणि बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क मिळाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने या कायद्याचं सातवं कलम महत्त्वाचं आहे. पीडित स्त्रीसाठी मदत मागितली गेली तर वैद्यकीय सुविधेच्या प्रमुखाने ती दिलीच पाहिजे, असं ते सांगतं. भाभामध्ये सहा वर्षं जे चांगुलपणातून आणि प्रशिक्षणातून चाललं होतं, त्याला कायद्याचा पाया मिळाला.

त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. वांद्र्याचं केंद्र चालवण्याची जबाबदारी महापालिकेने आपल्याकडे घेतली आणि कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरं ‘दिलासा’ सुरू झालं. या कल्पनेची खरी परीक्षा कुर्ल्यातच होती. पहिलं केंद्र उत्साही माणसांच्या जोरावर चालू शकतं. दुसरं चाललं तर ते व्यवस्थेत बसतं, एवढं सिद्ध होतं. कुर्ल्याचं केंद्र चाललं.

राजावाडी आणि ओशिवरा

मारहाणीपेक्षा अवघड प्रश्न होता लैंगिक अत्याचाराचा. इथे डॉक्टर गप्प नव्हते, पण जे करत होते त्याने इजाच होत होती. पोलिसांचं पत्र नसेल तर तपासायचं नाही, ही पक्की समजूत होती. २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या मंजण्णा खटल्यात पोलिसांच्या पत्राशिवायही रुग्णालयाने तपासणी करावी असं म्हटलं होतं, पण ते कॅज्युअल्टीपर्यंत पोचलं नव्हतं. तपासणीत दोन बोटांची चाचणी व्हायची. योनिपटल ‘जुनं फाटलेलं’ आहे का, बाई ‘सवयीची’ आहे का, तिची उंची-वजन किती, प्रतिकार करण्याइतकी ती धट्टीकट्टी होती का, हे लिहिलं जायचं. मथुरा खटल्यातला कागद तीस वर्षांनी तसाच भरला जात होता. गर्भधारणा टाळण्याची गोळी, संसर्गावरचं औषध, मनाला आधार या उपचारांचा मात्र त्यात पत्ता नसायचा. बाई रुग्ण म्हणून आलेली असे आणि तिच्याकडे पाहिलं जाई पुराव्याची वस्तू म्हणून.

‘सेहत’ने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून लैंगिक अत्याचाराच्या तपासणीसाठी एक संच विकसित केला होता. नमुने घेण्याचं साहित्य, पायरीपायरीने जाणारी सूचनापुस्तिका, संमतीचा आणि नोंदीचा नमुना असं सगळं त्यात होतं. २००८ मध्ये महापालिकेच्या सहकार्याने वांद्र्याचं भाभा, घाटकोपरचं राजावाडी आणि अंधेरी पश्चिमेचं ओशिवरा प्रसूतिगृह या तीन ठिकाणी लैंगिक अत्याचाराला सर्वांगीण वैद्यकीय प्रतिसाद देण्याचं काम सुरू झालं. ‘सेहत’च्या तेव्हाच्या समन्वयक पद्मा देवस्थळी आणि पुढे ती जबाबदारी सांभाळणाऱ्या संगीता रेगे यांनी हे काम दीर्घकाळ पुढे नेलं.

नव्या पद्धतीत आधी संमती. उपचाराला हो, तपासणीला हो, पोलिसांना कळवायला नाही, असं वेगवेगळं सांगण्याची मोकळीक. दोन बोटांची चाचणी बंद. घटनेची हकिगत विचारून, तिला अनुसरूनच नमुने घ्यायचे. उपचार ताबडतोब आणि फुकट. डॉक्टरने मत देताना ‘बलात्कार झाला नाही’ असं लिहायचं नाही. खूण का सापडली नसेल याचं कारण लिहायचं : बाई दोन दिवसांनी आली, तिने आंघोळ केली, तिला धमकावलं होतं, ती घाबरून थिजली होती. बळजबरीच्या संभोगानंतर जेमतेम एकतृतीयांश स्त्रियांच्या अंगावर दिसेल अशी इजा आढळते, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच नमूद केलं होतं. मथुरेच्या निकालातला ‘जखम नाही, म्हणजे संमती’ हा तर्क वैद्यकशास्त्राच्याच कसोटीवर कोसळत होता. तो कोसळलेला तर्क रोजच्या कागदावरून पुसून टाकण्याचं काम राजावाडीत आणि ओशिवऱ्यात पाळीवरचे डॉक्टर करत होते.

नागपूर, दिल्ली आणि नवा कायदा

लढाईचं पुढचं मैदान पुन्हा विदर्भच होतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कारपीडितांच्या तपासणीच्या दुरवस्थेवर २०१० मध्ये सविस्तर अहवाल लिहिला. त्याच्या आधारे डॉ. रंजना पारधी यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. ‘सेहत’ने तीत हस्तक्षेप केला. तपासणीचा एकसारखा नमुना हवा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. तो पुराव्याभोवती फिरावा की उपचाराभोवती, यावर वाद होता. महाराष्ट्र सरकारने २०१३च्या मे महिन्यात आपला नमुना जाहीर केला, त्यावरही आक्षेप आले.

तोवर दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेने देश हादरला होता. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ मध्ये फौजदारी कायदे बदलले. फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-क हे कलम आलं. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने लैंगिक अत्याचारपीडितेवर ताबडतोब मोफत उपचार करायचे. नाकारले तर दंड विधानाच्या १६६-ब कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा भंग करते असं म्हटलं. मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. संमती, उपचार, हकिगतीनुसार नमुने, मताची काळजीपूर्वक भाषा, अशी भाभा, राजावाडी आणि ओशिवऱ्यात वापरून पाहिलेली पद्धत त्यात बरीचशी उतरलेली दिसते.

केंद्रांचा विस्तारही होत गेला. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या पैशातून त्या दशकाच्या मध्यावर मुंबई महापालिकेच्या ११ रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं सुरू झाली. केरळमध्ये ‘भूमिका’, मेघालयात ‘इओलिन्ती’, हरयाणात ‘सुकून’ या नावांनी रुग्णालयांतली केंद्रं उभी राहिली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने औरंगाबाद आणि मिरज इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डॉक्टर-परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा प्रयोग झाला. उपनगरातलं शिक्षण आता वैद्यकीय महाविद्यालयांना मिळत होतं.

टाळेबंदीची कसोटी

निर्वासित छावणीतला तर्क मुंबईने २०२० मध्ये स्वतः अनुभवला. कोरोनाच्या साथीमुळे २२ मार्चपासून लोकल थांबल्या, २५ मार्चपासून देश बंद झाला. दहा बाय दहाच्या खोलीत काम सुटलेला नवरा आणि बायको चोवीस तास कोंडले गेले. माहेरी जायला गाडी नाही, संस्थांची कार्यालयं बंद, न्यायालयं फक्त तातडीच्या कामापुरती, पोलीस नाकाबंदीवर. राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिलमध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक जाहीर करावा लागला. पण मोबाइल नवऱ्याच्या हातात असेल तर तो क्रमांकही निरुपयोगी.

बाहेर पडण्याचं एक कारण पोलिसालाही मान्य होतं : दवाखाना. रुग्णालयं बंद होऊ शकत नव्हती, आणि ‘दिलासा’ रुग्णालयाचा विभाग असल्यामुळे तोही बंद झाला नाही. समुपदेशकांनी पूर्वी येऊन गेलेल्या बायकांना फोनवरून गाठलं आणि रुग्णालयात आलेल्यांना त्या प्रत्यक्ष भेटल्या. वीस वर्षांपूर्वी ‘टेबल नको, विभाग हवा’ असं ठरवणाऱ्यांनी साथीचा विचार केलेला नव्हता. तरी त्या निर्णयाचं मोल या काळात सगळ्यात स्पष्ट दिसलं. हाच विभाग बाहेरची संस्था म्हणून चालत असता, तर टाळेबंदीत त्याला कुलूप लागलं असतं.

हिशेब

पाव शतकानंतर जमेच्या बाजूला बरंच काही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झारखंडच्या एका खटल्यात दोन बोटांची चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं सांगितलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेतून जवळजवळ मोकळं केलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं ३०९ कलम उरलंच नाही. ‘चुकून फिनेल प्यायली’ असं लिहिण्याचं एक कारण गेलं. मोफत उपचारांचं आणि ते नाकारल्यास शिक्षेचं बंधन नव्या संहितांतही कायम आहे.

खर्चाच्या बाजूला पहिली नोंद मनुष्यबळाची. नागरी आरोग्य अभियानातून आलेली पदं बहुतांशी कंत्राटी आहेत. समुपदेशक कौशल्य मिळवते आणि नोकरीची शाश्वती नसल्याने निघून जाते. निवासी डॉक्टर दर सहा महिन्यांनी बदलतात, म्हणजे प्रशिक्षण कधीच संपत नाही. दुसरी नोंद कायद्याच्याच टोकाची. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं. परिणामी स्वखुशीच्या संबंधातून गरोदर राहिलेली सतरा वर्षांची मुलगी रुग्णालयाचा रस्ता टाळू लागली. २०२२च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलीची ओळख उघड न करता गर्भपाताची सेवा देण्याची मुभा डॉक्टरांना दिली, ती किती वॉर्डांत पोचली आहे यावर सगळं अवलंबून आहे.

तिसरी नोंद सगळ्यात मोठी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही, कोणाला सांगितलंही नाही. ज्यांनी मागितली त्याही बहुतेक माहेरच्यांकडे गेल्या. डॉक्टरकडे जाऊन ‘मला मार बसतो’ असं आपणहून सांगणारी बाई आजही विरळाच. म्हणजे बाई बोलेल याची वाट पाहत बसलेला विभाग कधीच पुरेसा ठरणार नाही. भाभात ज्या गोष्टीचं प्रशिक्षण सुरू झालं, ती होती डॉक्टरने आधी विचारण्याची. आणि उपनगरातली बरीच कुटुंबं साध्या आजाराला गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडेच जातात. मोफत उपचारांचा कायदा खासगी रुग्णालयांनाही लागू आहे, पण गल्लीतल्या दवाखान्यात प्रशिक्षण नाही, समुपदेशक नाही, विचारण्याची सवय नाही.

म्हणून या इतिहासाचा निष्कर्ष थोडक्यात मांडायचा तर असा : मथुरेच्या निकालाने कायदा बदलला, पण डॉक्टरांचा हात बदलला तो भाभातल्या एका विभागाने, रोजच्या ओपीडीत, पगारी माणसांच्या बळावर. कायदा कर्तव्य ठरवतो. ते कर्तव्य पार पडण्यासाठी मंजूर पद, शिकलेला कर्मचारी आणि दरवर्षी होणारं प्रशिक्षण लागतं. मुंबई महापालिकेने हे ११ रुग्णालयांत करून दाखवलं आहे. ती पदं कायम करणं आणि विचारण्याची हीच शिस्त खासगी नर्सिंग होमच्या नोंदणीच्या अटींत घालणं, ही पुढची दोन कामं आहेत, आणि दोन्हींसाठी नवा शोध लावावा लागणार नाही.